अंधाराची बाटली

सोमवार

आज मला काम मिळालं. वहिनी म्हणाली, आता तू पाहुणी नाहीस, बिनपगारी फुल अधिकारी आहेस.

काम असं आहे. वहिनी शाळेत विज्ञान शिकवते आणि जोडीला तिचा एम.एस्सी.चा प्रबंध चालू आहे. पाण्यातल्या वनस्पतीला किती उजेड मिळाला की ती किती प्राणवायू तयार करते, ते मोजायचं. प्रयोग चालतो सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत. त्या वेळेत वहिनी शाळेत आणि दादा ऑफिसात. घरात रिकामटेकडं कोण? अस्मादिक.

"मला आजवर काय जमलंय?" मी विचारलं. कॉलेज सुटलं, शिवणाचा क्लास सुटला, फोटो स्टुडिओ सुटला, आणि बोटीवरच्या कँटीनची नोकरी तर मी बोट किनाऱ्याला लागायच्या आत मनातून सोडली होती.

"यात जमायचं काही नाही, भिंगरे. एका जागी बसायचं."

"तेच तर जमत नाही!"

भिंगरी हे माझं नाव नव्हे, पण खऱ्या नावानं मला फक्त बँकवाले हाक मारतात. ही वहीसुद्धा वहिनीनंच दिली. मनात येईल ते इथं टाक, म्हणाली, म्हणजे बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर चित्रं काढणार नाहीस.

मंगळवार

वनस्पतीचं नाव हायड्रिला. लांब दोरीसारखी, तिला चक्राकार बारीक पानं. वहिनीनं शहराबाहेरच्या तलावातून बादलीभर आणली आहे. तिच्याबरोबर एक गोगलगायही फुकट आली. तिचं नाव मी 'पाहुणी' ठेवलं, कारण ते पद सध्या रिकामं आहे.

आज तरतरीत फांद्या निवडायच्या होत्या. फांदी कापून काचेच्या नळीत उलटी ठेवायची आणि समोर दिवा लावायचा. थोड्या वेळानं कापलेल्या टोकातून बुडबुडे सुटतात. एकामागून एक, टाचणीच्या डोक्याएवढे, सरळ वर. मी इतकी आ वासून बघत राहिले की वहिनीनं माझी हनुवटी बोटानं वर ढकलली.

"मोज. मिनिटाला किती?"

"थांब ना, बघू दे."

"बघत मोज."

दिवा मागे सरकवला की बुडबुडे मंदावतात. पुढे आणला की पुन्हा घाई. मी चार-पाचदा मागेपुढे केलं, तर वहिनी म्हणाली, तिला छळू नकोस, प्रत्येक वेळी सवय व्हायला तिला वेळ द्यावा लागतो. मला एकदम ओशाळं वाटलं. उगाचच कोणाला तरी हाका मारून दाराआड लपल्यासारखं.

गुरुवार

मधला दिवस कुठे गेला कोण जाणे. हां, काल मी बाटल्यांची रबरी झाकणं आणायला गेले आणि वाटेत चार माणसं एक पियानो जिन्यावरून चढवत होती ते बघत बसले. पियानो वळणावर अडकला. मग मी सल्ले दिले. परत येईपर्यंत दुकान बंद. वहिनी रागावली नाही, फक्त म्हणाली, "चढला का शेवटी?"

आज मांडणी झाली. अडगळीच्या खोलीच्या खिडकीला काळा कागद चिकटवला. मधोमध दिवा. दिव्याच्या बाजूनं पाण्यानं भरलेली चपटी काचेची पेटी, म्हणजे उजेड जाईल पण ऊब तिथंच अडेल. नाहीतर उजेडानं काय झालं आणि उष्णतेनं काय झालं हे कळायचं नाही. पलीकडे चार बाटल्या, वेगवेगळ्या अंतरावर, एकीची सावली दुसरीवर पडू नये म्हणून जरा तिरक्या. प्रत्येकीत सारख्या वजनाची फांदी, काठोकाठ पाणी, वर घट्ट झाकण. झाकण लावण्याआधी पाण्यात किती प्राणवायू आहे ते यंत्राची दांडी बुडवून बघायचं आणि सहा तासांनी पुन्हा.

एक गंमत कळली. दिवा दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. मी म्हटलं, हा अन्याय आहे. वहिनी म्हणाली, "लांब गेलं की असंच होतं."

पाचवी बाटली काळ्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायची. "ही काय करते?" मी विचारलं. वहिनी निघायच्या घाईत होती, एक चप्पल पायात, एक हातात. "ती? काही बनवत नाही. अंधारात कशी बनवेल? नुसती श्वास घेत बसते."

माझ्यासारखीच म्हणायची.

रविवार

दादा आज घरी होता. काय ही दोघं सभ्य माणसं! मीठ मागताना 'जरा देतेस का', दिल्यावर 'थँक यू'. आमचे आईबाबा मिठावरूनच काय, मिठाच्या बरणीवरूनही भांडायचे. इथं तीन आठवड्यांत मी आवाज चढलेला ऐकला नाही. दादा घोरतो म्हणून बाहेर सोफ्यावर झोपतो, वहिनीची झोप मोडायला नको म्हणून. इतकी काळजी! (मी शेजारच्याच खोलीत आहे, मला तर घोरणं ऐकू येत नाही. पण माझी झोप दगडासारखी.)

मला असा संसार मिळाला तर मीसुद्धा भटकणं बंद करीन.

मंगळवार

प्रयोग छान चालला आहे. जवळच्या बाटलीत आकडा वर जातो, लांबच्या बाटलीत कमी. मी नीट लिहिते.

आज कपाटातल्या बाटलीची फार कीव आली. बाकीच्या चौघी कामाला लागलेल्या, दिव्यासमोर थाटात बसलेल्या, आणि हिला फडक्यात बांधून कपाटात. काही करायचंच नाही तिला, तर निदान बाहेर तरी बसू दे! मी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीत नेलं. चहा होईपर्यंत, मग चहा पिऊन होईपर्यंत. उन्हात पानं अशी उजळली की काय सांगू. मग पुन्हा गुंडाळून ठेवली. अर्ध्या-पाऊण तासानं कोणाचं काय जातंय?

शनिवार

सवयच झाली आहे. रोज नाही, आठवण झाली की. काल शेजाऱ्यांच्या पोपटाशी गप्पा मारत बसले, तेव्हा राहिलं.

बुधवार

वहिनीचं काहीतरी बिनसलंय. शाळेतून आली की कोपराला लागलेला खडूही पुसत नाही, थेट आकडे घेऊन बसते. अंधारातल्या बाटलीचा आकडा म्हणे कधी चांगला खाली येतो, कधी जिथल्या तिथं. तिनं झाकणं बदलली, यंत्र तपासून आणलं, पाणी बदललं. मी झाकणं उकळून दिली. मदत करायची मला फार हौस आली आहे.

शुक्रवार

आज वहिनी तिच्या सरांना भेटून आली. ते म्हणाले, असे आकडे देता येणार नाहीत. महिनाअखेरीपर्यंत सगळे पुन्हा घ्या, नाहीतर पुढच्या वर्षीच्या तुकडीत बसा.

जेवताना दादा म्हणाला, "मग पुढच्या वर्षी कर. घाई काय आहे?"

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "घाई आहे."

दादानं मान खाली घातली आणि ताटातलं संपवलं. मला वाटतं तिची दगदग त्याला बघवत नाही.

रविवार

लिहायला बसले आणि पेन्सिलीला टोक काढत राहिले. आता टोक फार छान झालंय.

दादा आणि मी दिव्याचा नवा बल्ब आणायला गेलो होतो. दुकानातून निघालो तरी त्यानं स्कूटर सुरू केली नाही. किल्ली हातात फिरवत राहिला.

"भिंगरे, तुला सांगायला हवं. तिला दुसऱ्या गावी कॉलेजात जागा मिळतेय. पदवी हातात आली की नव्या सत्रापासून."

"अरे वा! मग तू बदली घेणार?"

"मी नाही जाणार."

"मग ती सुट्टीत येईल."

"नाही येणार. आमचं ठरलंय. दोघांचं मिळून."

मी विचारलं, भांडलात का? तो हसला. त्याचं ते हसू मला आवडलं नाही. "भांडण असतं तर मिटवलं असतं गं. आम्हाला एकमेकांना सांगायला काही उरलंच नाही. ती चांगली आहे. मी पण तसा वाईट नाही. बस्."

"मला कोणी का नाही सांगितलं?"

"तू आलीस आणि घरात जरा आवाज झाला. दोघांनाही वाटलं, होऊ दे थोडे दिवस."

म्हणजे ते सोफ्यावर झोपणं. ते थँक यू. मी गाढव आहे.

मग तो म्हणाला, "यंदा नाही झालं तर वर्षभर तरी राहील. मी असं म्हणायला नको. पण वाटतं." आणि स्कूटर सुरू केली. मी मागे बसून बल्ब पोटाशी धरला होता.

सोमवार

आज वहिनी रजेवर होती. अडगळीच्या खोलीत आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते, म्हणून काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "पण ही कपाटातली बाटली जर काही बनवतच नाही, तर तिच्यावाचून इतकं काय अडलंय?"

वहिनी शिकवायला लागली की तिचा आवाज बदलतो. म्हणाली, "बघ, उजेडातली फांदी प्राणवायू बनवते, पण त्यातला थोडा स्वतःच वापरते. तीही श्वास घेतेच ना? आपल्याला दिसतो तो उरलेला. मग मुळात बनवला किती? ते कळायला ती वापरते किती हे कळलं पाहिजे. ते फक्त अंधारातली बाटली सांगते, कारण तिथं नुसतंच वापरणं चालू असतं. तिच्यात कमी झालेलं बाकीच्या चारांत मिळवायचं. ती एक चुकली की पाचही चुकल्या."

"आणि तिला मध्येच थोडा उजेड मिळाला तर?"

"तर ती बनवायला लागेल आणि आकडा खाली यायचा थांबेल. म्हणून तर फडकं, म्हणून तर कपाट." ती कपाळावर हात मारून म्हणाली, "कपाटाला फटी आहेत का ते पण बघितलं मी. टॉर्च घेऊन आत बसले होते काल."

कपाटात बसली होती. माझी वहिनी. टॉर्च घेऊन.

मी म्हटलं, मला पाणी प्यायचंय, आणि उठून स्वयंपाकघरात गेले. खिडकीत ऊन होतं.

मंगळवार

गप्प आहे.

सरळ लिहिते, इथं कोण वाचतंय. मी गप्प राहिले तर आकडे असेच राहतात. आकडे असेच राहिले तर ती इथंच राहते. एक वर्ष. वर्षात काय काय होऊ शकतं. माणसं पुन्हा बोलायला लागतात. दादालाही तेच हवंय. मला काहीच करायचं नाही, आणि काही न करण्यात माझा हातखंडा आहे.

आणि ती गेली तर ती माझी कोण? दादाची बायको म्हणून वहिनी. बायको नाही तर वहिनी कसली? अशा बाईला काय म्हणतात? मी खूप आठवून पाहिलं. काका आहे, काकू आहे, जावेला शब्द आहे, साडूलासुद्धा शब्द आहे. हिला नाही.

आज बाटली कपाटातून काढली नाही. तेवढंच.

गुरुवार

सांगितलं.

दोन दिवस बाटली कपाटातच राहिली तर आकडा दोन्ही दिवस झकास खाली आला. वहिनीनं तो पाहिला, तरी तिला आनंद झाला नाही. म्हणाली, आता मला यावरही विश्वास ठेवता येत नाही. मग बादलीतल्या चांगल्या, टवटवीत फांद्या काढून कचऱ्याच्या डब्यात टाकायला लागली. हाच माल खराब असेल, म्हणाली, नाहीतर माझा हात खराब आहे. "मला काही म्हणता काही धड करता येत नाही. घर नाही, हे नाही."

असं तिनं म्हणायला नको होतं. आणि तिनं बादलीतून पुढची हिरवी दोरी ओढली.

"वहिनी, टाकू नकोस. मीच केलं ते."

"काय केलंस?"

"बाटली. मी तिला बाहेर काढायचे. उन्हात. रोज नाही."

"का?"

"कीव यायची."

तिला कळेना. "कोणाची?"

"बाटलीची. म्हणजे आतल्या फांदीची. एकटीच अंधारात..."

आता बोलेल, असं मला वाटलं. तिनं चांगलं खडसावून बोलावं असंही वाटलं. वहिनी खुर्चीत बसली, ओला हात तोंडावर धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरले. तर बाई हसत होती! "कीव! अगं, माझे सर मला विचारतायत, यंत्रात दोष आहे का, पाण्यात शेवाळ आहे का. त्यांना काय लिहून देऊ? 'कीव' म्हणून?" आणि मग हसता हसता ती खरंच रडली. मी डब्यातून फांद्या काढून पुन्हा बादलीत टाकत राहिले, कारण दुसरं काय करावं ते कळेना.

डोळे पुसून झाल्यावर तिनं विचारलं, "दादा तुझ्याशी बोलला ना? रविवारी?"

"हो."

"म्हणजे हे आकडे जुळले की मी जाणार, हे माहीत होतं तुला."

"हो."

"मग का सांगितलंस?"

मी म्हटलं, "तू स्वतःला नावं ठेवत होतीस. तुला नावं ठेवायचा हक्क नणंदेचा असतो."

ती पुन्हा रडली. मग म्हणाली, "ऊठ. चहा टाक. आणि खिडकीचा पडदा लाव आधी."

सोमवार

सगळे आकडे पहिल्यापासून. महिनाअखेर जवळ आली आहे, एकही दिवस वाया घालवता येत नाही. रात्री वहिनी फांद्यांची वजनं करते, सकाळी मी बाटल्या भरते. भरताना बाटली पाण्यातच बुडवून झाकण लावायचं, आत हवेचा थेंबभरही बुडबुडा राहता कामा नये. कपाटातली बाटली कपाटात. मी खुर्ची कपाटाला टेकवून बसते. आज एकदा दार उघडावंसं वाटलं, तेव्हा त्यावर नुसता हाताचा पंजा ठेवून बसले. आत ती श्वास घेत होती आणि आकडा खाली नेत होती. म्हणजे ती रिकामी बसलेली नसते तर. अंधारात बसणं हेच तिचं काम आहे, आणि ते तिच्याशिवाय कोणी करू शकत नाही. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर! (सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. पोपट होता ना.)

शुक्रवार

दुपारी वीज गेली. मी धावत खाली, दिवा बंद म्हणजे सगळंच फुकट. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला गाठून त्याची बॅटरी मागितली. तो म्हणाला, "कशाला हवीय?" मी म्हटलं, "एका पाणवनस्पतीला उजेड द्यायचाय." तो बॅटरी स्वतः उचलून चार मजले चढून आला, म्हणाला, हे मला बघायचंच आहे. तोवर वीज आली होती. त्याला बुडबुडे दाखवले. तोही आ वासून.

पण आजचे आकडे वहिनीनं बाद केले. थोडा वेळ का होईना, अंधार झाला होता. मी म्हटलं, "जाऊ दे ना, कोणाला कळतंय?" तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली. मी रेघ मारली.

बुधवार

झाले! शेवटच्या बाटलीत दांडी मीच बुडवली. वहिनीनं आलेख काढला. आधी रेघ चढत जाते, मग हळूहळू सपाट होते. म्हणजे एका मर्यादेनंतर दिवा कितीही जवळ आणला तरी वनस्पतीला त्याहून जास्त घेता येत नाही. दादा दारात उभा राहून बघत होता. कधी आला कळलंच नाही.

"छान आलाय," तो म्हणाला.

"थँक यू," वहिनी म्हणाली.

आणि दोघंही तिथंच थांबले. पहिल्यांदाच मला वाटलं की हा शब्द खराच असेल.

शनिवार

बरेच दिवस वही उघडली नाही. मधल्या काळात प्रबंध दिला, तोंडी परीक्षा झाली, सर खूष. जाण्याची तयारी. दादा खोकी बांधतो. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहितो. 'काच, सांभाळून' असं त्यानं उशांच्या खोक्यावरही लिहिलं. मी दाखवलं तर म्हणाला, असू दे.

मी त्याला विचारलं, तुला माझा राग आला का? मी बोलले नसते तर...

"आला होता," तो म्हणाला. "एक संध्याकाळ." मग दोरीची गाठ ओढून घट्ट केली. "तिला इथं असं अडकवून ठेवलं असतं तर मलाच तिच्याकडे बघता आलं नसतं."

सोमवार

नवं गाव. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मी सामान पोचवायला वहिनीबरोबर आले. बसमध्ये हायड्रिलाची बादली माझ्या मांडीवर, प्रत्येक खड्ड्याला माझे गुडघे ओले. पाहुणी बादलीच्या कडेला चिकटून होती, तिला प्रवासाची भीती वाटत नाही.

घरमालकीण चष्मा सारखा करत वर आली. चौकशी करायची जबाबदारी तिनं आपणहून घेतलेली दिसते. "एकट्याच राहणार म्हणाला होतात ना? मग या कोण?"

"माझी नणंद," वहिनी म्हणाली. खोकं खाली ठेवता ठेवता, सहज.

"नणंद? म्हणजे मिस्टर आहेत की!"

"नवरा होता," वहिनी म्हणाली. "नणंद आहे."

घरमालकिणीनं हे दोनदा मनात फिरवून बघितलं असावं, कारण तिचे ओठ हलले. मग म्हणाली, "नवीनच ऐकते बाई. लोकांची नणंद सुटली तर लोक सुटकेचा निःश्वास टाकतात." आणि माझ्याकडे वळून, "पाणी सकाळी सातला येतं. भरून ठेवा."

ती गेल्यावर मी खोक्यांमागे जाऊन बराच वेळ दोरी शोधत राहिले. दोरी कशाला हवी होती माहीत नाही.

"भिंगरे," वहिनी म्हणाली, "दादाला फोन कर. पोचलो म्हणून. वाट बघत असेल."

त्यानं पहिल्याच घंटेला उचलला. मी सांगितलं, पोचलो, काही फुटलं नाही, घरमालकीण खमकी आहे. तो हं हं करत होता. मग म्हणाला, "खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

मी बघितलं. वहिनी खिडकीच उघडत होती, कडी गंजली होती, ती तळहातानं ठोकत होती.

"पूर्वेला," मी म्हटलं.

"बरं झालं," दादा म्हणाला. "सकाळचं ऊन येईल तिला."